आक्कांची उत्तरेकडची भिंत

पद्मजाआक्का माझ्या बायकोची थोरली बहीण. म्हणजे नात्यानं माझी आकडसासू, आणि आम्हा दोघांत कोणी कोणाला घाबरायचं हे लग्नाच्या दिवशीच ठरून गेलं होतं. उंची जेमतेम पाच फूट, अंगावर सुती पाचवारी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण काहीतरी चुकलोय असं आधीच वाटायला लागावं.

न्यू मेक्सिकोच्या डोंगरात सान लिबोरिओ नावाचं एक एवढंसं गाव आहे. स्पॅनिश लोकांनी दोनशे वर्षांपूर्वी वसवलेलं, अजूनही घरात स्पॅनिशच बोलणारं. आक्कांचे यजमान डॉ. श्रीराम नवाथे हे त्या गावचे एकुलते एक डॉक्टर. एकाहत्तर साली अमेरिकेत आले तेव्हा जिथं दुसरा डॉक्टर जायला तयार नव्हता तिथं त्यांना नोकरी मिळाली. दोन वर्षं काढू आणि मग माणसांत जाऊ असं ठरलं होतं. त्याला तेरा वर्षं झाली.

१९८४ च्या जूनमध्ये मी आणि सुनेत्रा तिकडं गेलो. लोकांना सांगताना सुट्टी म्हणून सांगितलं, पण खरं म्हणजे मी कामगिरीवर निघालो होतो. आक्का आणि डॉक्टरांना तिथून उचलून शॉमबर्गला आणायचं. शॉमबर्ग म्हणजे शिकागोचं उपनगर, तिथं आमचं घर. आमच्याच सबडिव्हिजनमध्ये एक घर विकायला निघालं होतं, जवळच्या एका क्लिनिकला डॉक्टर हवा होता, अर्ध्या तासावर डेव्हन ॲव्हेन्यूचा देशी बाजार, भाजी, डाळी, गणपती, दिवाळी, पत्त्यांचा अड्डा, सगळं. डॉक्टर मनानं केव्हाच तयार होते. मला त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "गुरुदत्त, मराठीत एक जोक सांगावा तर ऐकायला ही एकटीच. आणि हिला तो आधीच माहीत असतो. तूच काहीतरी कर यार." प्रश्न फक्त आक्कांचा होता.

विमानतळावरून तीन तास गाडी हाकून आम्ही पोचलो. मी घराचे फोटो आणि क्लिनिकची माहितीपत्रकं एका फायलीत नीट लावून आणली होती. आक्कांनी दारातच विचारलं, "दमलात का, गुरुदत्तराव?"

"हो, थोडा."

"मग लगेच निघू या. एकदा बसलात की तुम्ही उठायचे नाही."

आक्कांकडं येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी गाव बघावं लागायचं. माझी फाइल गाडीतच राहिली आणि मी ऑफिसच्या बुटांनी टेकडी चढायला लागलो. वर टेहळणीचा एक गोल बुरूज आहे, दगडमातीचा. दोनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून लुटारू टोळ्या आल्या की बायकामुलं त्यात कोंडून घ्यायची. आक्का पुढं, पदर खोचलेला, आणि मागं न बघता इतिहास सांगणं चालू. माझ्या नाकी नऊ आलेले. तिथून खाली उतरून पाटाकाठानं दीड मैल. गावाची शेती अजून त्या जुन्या पाटावर चालायची. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि पाळ्या लावणारा एक पाटकरीसुद्धा. मग खडकावरची जुनी चित्रं, मग गरम पाण्याचं कुंड, मग नदी. नदीत पोरंपोरी रबरी होड्यांतून ओरडत उड्या घेत चाललेली. आक्का म्हणाल्या, "आपल्याला उद्या."

"काय उद्या?"

"होडी. सुनेत्राला सांगितलंय मी."

होडीत, डोंगरात, घोड्यावरून पडून लोकांचे पाय मुरगळायचे आणि ते डॉक्टरांकडं यायचे. आक्का दवाखान्यात नोंदणीला बसायच्या. प्लास्टर घातलेल्या माणसाला त्या पहिला प्रश्न विचारायच्या की आमचं चर्च बघितलं का. नाही म्हटलं तर कुबड्या हातात देऊन स्वतः घेऊन जायच्या. आमचं चर्च म्हणायच्या. घरात देव्हाऱ्यात बाळकृष्ण, आणि तोंडात आमचं चर्च. मला ते खटकायचं, हे कबूल करतो.

चर्च त्यांनी मला सगळ्यात शेवटी दाखवलं. कच्च्या विटांचं, जाड भिंतींचं, धाब्याचं. "बघा," आक्का म्हणाल्या, "मंगळवेढ्याकडचं वाटतं की नाही?" वाटत होतं. आक्का आणि सुनेत्राचं गाव मंगळवेढ्याजवळचं. तिकडं घरं अशीच मातीची, वर मातीचंच धाबं. त्यांचे वडील शाळामास्तर. दर वर्षी पावसाच्या आधी घरातल्या बायका भिंती लिंपायच्या, आणि त्यात आक्का दहाव्या वर्षापासून तरबेज. सुनेत्रा धाकटी, त्यामुळं ती फक्त चिखलात नाचायची.

चर्चच्या तीन भिंती सिमेंटच्या गिलाव्यानं गुळगुळीत होत्या. उत्तरेकडची, दफनभूमीच्या बाजूची भिंत मात्र उघडी, मातकट, ओबडधोबड. आक्का तिच्यापुढं उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला.

गोष्ट अशी होती. वीस वर्षांपूर्वी गावानं दर वर्षीच्या मातीकामाला कंटाळून चर्चला सिमेंटचा गिलावा केला. सिमेंटनं ओल आत कोंडली. यंदा मार्चमध्ये उत्तरेची भिंत पोट काढून पुढं आली. सिमेंट फोडलं तर आतल्या विटा हातानं कुस्करल्या जात होत्या. शहरातला एक कंत्राटदार म्हणाला, कुजलेल्या विटा बदलतो आणि पुन्हा पक्कं सिमेंट करतो. चर्चच्या सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा मागच्या बाकावरून आक्का उठल्या आणि तेरा वर्षांत दवाखान्यात शिकलेल्या स्पॅनिशमध्ये म्हणाल्या की मातीच्या भिंतीला मातीच लावायची असते, आणि कोणी लावणार नसेल तर मी लावते.

गाव हसलं नाही, हे विशेष. त्यांनी ती एक भिंत आक्कांना दिली. कच्च्या विटा गावच्या पुरुषांनी बदलल्या, पहिले दोन थर शनिवारी शनिवारी येऊन बायाबापड्यांनी आक्कांच्या हाताखाली लावले. अट एकच. जुलैत तिकडं विजांचा, गारांचा धुवांधार पाऊस येतो. त्यात भिंत धुपून गेली तर हिलाही सिमेंट, आणि पुन्हा हा विषय नाही.

"आणि माझीही अट आहे," आक्का मला म्हणाल्या. "तुम्ही कशाला आलात ते मला ठाऊक आहे. ह्यांचा चेहराच सांगतोय. भिंत पावसात राहिली तर मी इथं राहणार. गेली तर ऑगस्टमध्ये निमूट शॉमबर्गला येते, तुमच्या त्या कार्पेटच्या घरात. एक शब्द बोलणार नाही."

मला आनंद झाला. आकाशाकडं बघून मी मनात म्हणालो, ये रे बाबा लवकर.

राहिला होता शेवटचा हात. तो आक्का आमच्यासाठी, म्हणजे सुनेत्रासाठी, राखून बसल्या होत्या. दोघी बहिणींनी मिळून सारवायचं. चिखल पाच दिवस आधी भिजत घातलेला होता. माती, वाळू, गव्हाचं काड. आक्कांनी तो बोटांत घेऊन चोळला आणि मला म्हणाल्या, "आता शेण. दोन बादल्या, ताजं. यंदा चर्चचं बघतो त्या ऑर्लांडोच्या चुलतभावाचं गुरांचं रँच आहे, चार मैलांवर. गाडी घेऊन जा."

मी एका मोठ्या कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजची डिझाइन्स करणारा इंजिनिअर. डॉक्टरांच्या स्टेशन वॅगनच्या मागं दोन बादल्या ठेवून मी शेणाला निघालो. रँचवरचा माणूस भला होता. फावड्यानं बादल्या भरून देता देता त्यानं विचारलं, "टोमॅटोला का?"

मी सरळ उत्तर दिलं, "नाही, चर्चला."

तो खूप हसला. मीही हसलो. आपण काय बोललो हे मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण कळणार कसं? आम्ही चौघं होतो. डॉक्टर एमबीबीएस, मी इंजिनिअर, सुनेत्रा बॉटनीची एम.एस्सी., आणि आक्का सगळ्यांच्या वर. चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की जगात अशीही माणसं असतात ज्यांच्या दृष्टीनं शेण म्हणजे घाण. आपल्याकडं देवापुढची जमीन सारवतात ती शेणानं. सणाच्या दिवशी सारवतात, जेवणाची पंगत उठली की सारवतात. शेणानं एखादी जागा बाटते ही कल्पना आमच्या पिढीला शिकूनही सुचली नसती.

दोघी बहिणींनी दोन दिवसांत भिंत सारवली. मी शिडी धरायला होतो. हाताचे अर्धगोल एकाशेजारी एक, वरून खाली, कुठं सांधा दिसू नये असे. सुनेत्राचे हात तिसऱ्या ओळीला आपोआप वळायला लागले. आक्का तिच्याकडं बघत होत्या आणि फार सुखात होत्या. भिंत वाळली तेव्हा हिरवट मातकट रंगाची, एकसारखी. मलाही ती सुंदर वाटली, आणि मी तर तिच्या विरुद्ध पक्षाचा.

रविवारी प्रार्थनेनंतर ऑर्लांडो घरी आला. दर वर्षी गावातलं एक जोडपं चर्चची देखभाल अंगावर घेतं, त्या वर्षी पाळी ऑर्लांडो आणि त्याच्या बायकोची होती. टोपी हातात धरून तो उभाच राहिला. रँचवरच्या चुलतभावानं माझा विनोद पोस्टात सांगितला होता. पोस्टातून तो दुकानात गेला, दुकानातून ऑर्लांडोच्या बायकोपर्यंत, आणि तिनं जाऊन भिंतीचा वास घेतला होता.

"सेन्योरा," तो म्हणाला, "खरं आहे का?"

"काय खरं आहे का?" आक्कांना खरोखरच कळलं नव्हतं.

"की तुम्ही देवाच्या घराला जनावराची विष्ठा फासली."

मी आक्कांना त्या आधी आणि नंतर कितीदा तरी रागावलेलं पाहिलंय. गप्प झालेलं तेवढंच एकदा पाहिलं. त्या खुर्चीवर बसल्या. मग हळूहळू म्हणाल्या, "खरं आहे."

संध्याकाळी सभा बोलावली होती. दुपारभर डॉक्टर घरात येरझारा घालत होते. "पद्मजा, बास झालं आता. सांग त्यांना, करा सिमेंट. आपण जाऊ. तेरा वर्षं ह्यांची बाळंतपणं केली, आणि आज माझ्याकडं बघायला तयार नाहीत." मी संधी साधून म्हणालो, "आक्का, मी आजच एजंटला फोन करतो. तुम्ही सभेला जायचीसुद्धा गरज नाही."

"तोंड लपवून जाऊ म्हणता?"

"तसं नाही—"

"तसंच आहे. गुरुदत्तराव, तुम्ही बादल्या आणल्यात, मी कालवलं. तुम्ही पण यायचंय सभेला."

गेलो. लाकडी बाकांवर पन्नाससाठ माणसं. आक्का पुढं उभ्या राहिल्या. मला वाटलं आता त्या शेणाचे गुण सांगणार, किडे लागत नाहीत, भेगा पडत नाहीत, आमच्याकडं देवघर असंच सारवतात. घरी त्या तसं म्हणालेल्याही होत्या. इथं त्या म्हणाल्या, "आमच्याकडं हे पवित्र असतं. म्हणून घातलं. पण भिंत तुमची आहे आणि मी विचारलं नाही. ही माझी चूक. मी ते सगळं खरवडून काढते आणि शुद्ध मातीनं पुन्हा लावते. मला आठ दिवस द्या."

ऑर्लांडोची बायको म्हणाली, "कंत्राटदार गुरुवारी येऊ शकतो."

"मला आठ दिवस द्या," आक्का पुन्हा म्हणाल्या. त्याच आवाजात. ही बाई उद्याही इथंच उभी राहून हेच म्हणत असेल, अशा आवाजात. ऑर्लांडोनं बायकोकडं न बघता मान हलवली. आठ दिवस. नवव्या दिवशी भिंत झालेली नसेल तर कंत्राटदार.

आठ दिवस म्हणजे किती कमी, ते घरी आल्यावर आक्कांनीच सांगितलं. चिखल कुजायलाच पाच दिवस. म्हणजे रात्र व्हायच्या आत माती भिजत घालायची, पाच दिवसांत जुना थर काढायचा, दोन दिवसांत नवा लावायचा, एक दिवस वाळायला. आमचं परतीचं विमान मंगळवारी होतं. सुनेत्रा म्हणाली, "आपली तिकिटं कॅन्सल कर, गुरू." मी ऑफिसला फोन केला. साहेबांनी विचारलं, फॅमिली इमर्जन्सी आहे का? मी हो म्हणालो. काय झालंय? मी म्हणालो, एक भिंत. 

सोमवारी सकाळपासून आक्का खरवडायला लागल्या. शनिवारी येणारी मंडळी कोणी आली नाहीत. वाळलेलं सारवण असं चिकटलेलं की पत्र्यानं घासलं तर खालचा थर दुखावणार. म्हणून आधी पाणी शिंपडायचं, मऊ होऊ द्यायचं, मग लाकडी पट्टीनं वरचं तेवढंच उतरवायचं. निघालेली माती पोत्यात भरून गावाबाहेर न्यायची, चर्चच्या आवारात कणभर ठेवायची नाही. ते काम माझ्याकडं होतं. दुपारच्या सुट्टीत डॉक्टर यायचे, ऑपरेशनचे हातमोजे घालून खरवडायचे, पुन्हा दवाखान्यात जायचे. दवाखान्यात त्या आठवड्यात फारसं कोणी नव्हतंच. गावातली माणसं पंचवीस मैलांवरच्या डॉक्टरकडं जात होती.

मला आक्कांचा राग येत होता. खरं सांगायचं तर माझा स्वतःचा येत होता, पण आक्कांवर काढणं सोपं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "आक्का, मूळ भिंत चांगली होती. तुम्ही बरोबर होतात. मग बरोबर असलेलं काम हातानं मोडायचं कशाला?"

"भिंतीबद्दल मी बरोबर होते," त्या म्हणाल्या. हात थांबले नाहीत. "माणसांबद्दल चुकले. भिंत माणसांची असते."

त्यांची बोटं फुटली होती. पट्ट्या बांधून त्या काम करत होत्या, आणि संध्याकाळी पट्ट्या सोडताना सुनेत्रा रडायची, आक्का नाही.

चौथ्या दिवशी दहाच्या सुमाराला एक म्हातारी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून घेऊन आली, थडग्यांच्या बाजूला सावलीत मांडली आणि बसली. ही युफेमिया. वय ऐंशीच्या वर. सिमेंट येण्याच्या आधी चर्चचं मातीकाम गावच्या बायकाच करायच्या, त्या बायकांतली ही शेवटची उरलेली. आक्कांनी मार्चपासून चारदा तिच्या घरी जाऊन विचारलं होतं, शिकवाल का म्हणून. तिनं चारही वेळा कॉफी दिली होती आणि गुडघे दुखतात म्हणाली होती. त्या दिवशीही ती काही बोलली नाही. दिवसभर बसली, खुर्ची घेऊन गेली. पाचव्या दिवशी पुन्हा.

पाचव्या दिवशी दुपारी शेवटची पट्टी फिरली. आक्कांनी भिंत धुतली, हात धुतले, आणि कुजलेल्या चिखलाच्या खड्ड्याशी जाऊन बसल्या. तेव्हा युफेमिया उठली. खड्ड्याशी येऊन तिनं चिमूटभर चिखल उचलला, जिभेला लावला आणि थुंकला.

"वाळू जास्त आहे," ती म्हणाली. "आणि वरच्या हाताला ही माती नाही चालत. बुरजाच्या खाली पांढरी माती आहे. ती आण."

आक्का म्हणाल्या, "मार्चमध्ये का नाही सांगितलंत?"

"मार्चमध्ये तू सगळं येणारी बाई होतीस," युफेमिया म्हणाली. "आणि कालपासून बघत होते, तू भांडतेस की काढतेस."

एवढं बोलून ती खुर्चीत जाऊन बसली. मी पोती घेऊन बुरजाकडं निघालो. कोणी सांगायच्या आधी निघालो, याची नोंद व्हावी.

पुढचे दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. खालचे दोन थर होतेच, ते भिजवलेल्या चिखलानं सारखे केले. त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ हात. आक्कांच्या हाताचा अर्धगोल युफेमियाला पसंत पडला नाही. "असा नाही, असा," म्हणून तिनं हवेत हात लांब, आडवा फिरवून दाखवला. चाळीस वर्षांचं वळण आक्कांनी तासाभरात मोडलं. चूक झाली की म्हातारी काठी आपटायची. दुसऱ्या दिवशी सकाळी चार बायका आल्या, बादल्या घेऊन. चारच. ऑर्लांडोची बायको आली नाही, आणि सांगून टाकतो, ती त्या भिंतीजवळ आजतागायत आलेली नाही. शेवटी युफेमियानं पिशवीतून मेंढीच्या कातड्याचा एक तुकडा काढला, लोकरीची बाजू पाण्यात बुडवली आणि स्वतः उठून भिंतीवरून फिरवायला लागली. हात पुरला तिथवर तिनं फिरवला. मग तो तुकडा तिनं आक्कांच्या हातात दिला आणि वर बोट दाखवलं. आक्का शिडी चढल्या.

आठव्या दिवशी ऑर्लांडो आला. भिंतीवर तळवा ठेवून बराच वेळ उभा राहिला. वास घेतला, आणि लाजला. "आता पाऊस," एवढंच म्हणाला.

पाऊस बघायला आम्ही थांबू शकलो नाही. निघताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "घर हातचं जाऊ देऊ नकोस. एजंटला पंधरा दिवस थांबव." मी थांबवलं. फाइल मात्र मी आक्कांसमोर एकदाही उघडली नाही. धैर्यच झालं नाही.

जुलैच्या अकरा तारखेला, बुधवारी, मी ऑफिसातून घरी आलो तर सुनेत्रा फोन हातात धरून उभी. डॉक्टर बोलत होते. दुपारी दीड तास पाऊस झाला, लिंबाएवढ्या गारा, पाट फुटला, एका शेतातला मका झोपला. आक्का पूर्ण दीड तास छत्री घेऊन चर्चच्या उत्तरेला उभ्या. छत्री मोडली तशा नुसत्याच उभ्या. ऑर्लांडो आत चला म्हणायला आला आणि तोही तिथंच उभा राहिला.

"आणि भिंत?" मी विचारलं.

"तिलाच विचार," म्हणून डॉक्टरांनी फोन दिला.

"गुरुदत्तराव," आक्कांचा आवाज बसला होता. "पन्हळीखाली दोन हात रुंदीचं सगळं वाहून गेलं. पायाशी पण जागोजाग धुपलंय. बाकी आहे."

मी मनात हिशेब करायला लागलो. अट होती, राहिली तर राहणार, गेली तर येणार. आता याला काय म्हणायचं? मी शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "म्हणजे आक्का, टिकली म्हणायची की नाही?"

 मग त्या म्हणाल्या, "मी पण उभी राहून तेच बघत होते. दीड तास बघितलं. अहो, मातीची भिंत टिकत नसतेच. पाऊस तिला खाणारच. आपण पुन्हा लावायची. दर वर्षी कोणीतरी तिथं असायला लागतं, एवढंच. युफेमियाला आता शिडी चढवत नाही."

"मग ती अट?"

"ती अटच चुकीची होती. मी मूर्खासारखी बोलले. ह्यांना सांगितलंय मी आत्ता. हे रागावलेत. रागावू देत, हे काही माझ्याशिवाय यायचे नाहीत. आता ठेवते, उद्या सकाळी माती आणायची आहे. ऑर्लांडो ट्रक देतोय, सिमेंटचं नाव काढलं नाही त्यानं."

फोन ठेवला. सुनेत्रा आत निघून गेली. मी खिडकीपाशी उभा राहिलो. ज्या घरासाठी मी तीन महिने धडपड केली ते घर समोरच्या वळणावर दिसत होतं, पांढरं, स्वच्छ, फलक लावलेलं. मला त्या घराची एकाएकी कीव आली, आणि मग आमच्या घराचीही. अकरा वर्षांत मी त्याला कधी हात लावावा अशी वेळच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी एजंटला फोन केला. म्हणालो, ते लोक येत नाहीत. त्यानं व्यवसायाला साजेशा सुरात विचारलं, त्यांना घर आवडलं नाही का?

"घर त्यांनी पाहिलंच नाही," मी म्हणालो. "त्यांना जूनमध्ये काम असतं."

"मग नंतर दाखवू या. पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही असतं," मी म्हणालो. "दर वर्षी असतं."